एअरब्रश नाही, पाऊस थांबत नाही, आणि एक्स-विंग रंगवायचंय

एका मुलानं विचारलंय: "काका, वाढदिवसाला 'स्टार वॉर्स'मधल्या एक्स-विंग यानाचं बांदाईचं १:७२ चं किट मिळालं. धड जोडून झालंय, पंख आणि कॉकपिट अजून सुटे आहेत. पण समोर ठेवलं की खेळण्यातलं वाटतं. एअरब्रश घेण्याइतके पैसे नाहीत. कॅम्लिनचे रंग आणि तीन ब्रश आहेत. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही. नुसत्या ब्रशनं चांगलं दिसेल का? सुरुवात कुठून करू?"

दिसेल. माझ्या कपाटातली निम्म्याहून जास्त यानं नुसत्या ब्रशनं रंगवलेली आहेत आणि ती ब्रशनं रंगवलीत हे घरी येणाऱ्यांना ओळखता येत नाही. एअरब्रश म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणारं पेन, त्यानं वेळ वाचतो, मोठा पृष्ठभाग पटकन सारखा होतो. तुझं यान मात्र नाकापासून शेपटापर्यंत सतरा-अठरा सेंटिमीटरचं. त्यावरचा मोठ्यात मोठा सपाट तुकडा तीन बोटांखाली झाकला जातो. एवढी जागा ब्रशला सहज झेपते. पंख अजून सुटे ठेवलेस हे फार बरं केलंस, ते तसेच राहू देत.

आधी ते खेळण्यासारखं का दिसतं ते समजून घे, कारण पुढचं सगळं काम त्यावरच उभं आहे. प्लास्टिक सगळीकडे एकाच रंगाचं आहे आणि सगळीकडे एकसारखं चमकतं. त्यातून पातळ कडांमधून उजेड आरपार जातो, त्यामुळे डोळ्याला लगेच कळतं की हे धातूचं नाही. खऱ्या बारा-साडेबारा मीटरच्या यंत्रावर पत्र्यांच्या जोडांमध्ये सावली पडते, तेलाचे ओघळ येतात, बदललेला पत्रा शेजारच्यापेक्षा वेगळा दिसतो. हे सगळं बहात्तर पटींनी लहान केलं की दिसेनासं होतं, आणि ते आपल्याला रंगानं परत आणावं लागतं.

इथेच बहुतेक जण घसरतात. मळवायचं म्हणून सगळीकडे सारखंच मळवतात. काळा वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, सगळ्या रेषांत, पोचे, म्हणजे ठोकर लागून रंग उडाल्याच्या खुणा, सगळ्या कडांवर, काजळी वाटेल तिथे. तसं केलं की एकसारखं स्वच्छ खेळणं जाऊन एकसारखं घाण खेळणं उरतं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की हा डाग इथे कशामुळे पडला याचं उत्तर तयार असल्याशिवाय ब्रश उचलू नकोस.

या यानाबाबत ते उत्तर शोधणं सोपं आहे, कारण चित्रपटासाठी मूळ मॉडेलं बनवणाऱ्यांनीही तसाच विचार केला होता. एक्स-विंगचा पहिला आराखडा कॉलिन कँटवेल यांचा. इंग्लंडमधल्या पबात भिंतीवर फेकतात तो डार्ट डोळ्यांसमोर होता, असं त्यांनीच पुढे सांगितलंय. जो जॉन्स्टन यांनी त्या आराखड्याला पडद्यावरचं रूप दिलं. १९७७ साली आलेल्या 'स्टार वॉर्स'साठीची मॉडेलं लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नायझमधल्या एका गोदामात तयार झाली. ती अर्ध्या मीटरपेक्षा थोडी मोठी होती. मॉडेलं बनवणारी मंडळी बाजारातून रणगाडे, विमानं, मोटारींचे किट आणून त्यांचे भाग यानांवर चिकटवत. तुझ्या इंजिनांभोवती आज जी बारीकसारीक भागांची गर्दी दिसते, तिचा उगम तिथला आहे. हे यान नवंकोरं दिसू नये, दहादा दुरुस्त होऊन पुन्हा कामाला लागलेलं दिसावं, हा त्यांचा हेतू होता. पत्रे जुळत नाहीत, रंग उडालाय, तरी उडतंय. पट्टे लाल असण्यामागेही कारण आहे. पटकथेत ही तुकडी आधी निळी होती. पण चित्रण निळ्या पडद्यासमोर व्हायचं होतं आणि निळे पट्टे त्या पडद्यात विरून गेले असते, म्हणून तुकडी लाल झाली.

आता एक कागद घे. माहितीपुस्तिकेतल्या चित्रावरून यानाचं वरून आणि बाजूनं असं ढोबळ रेखाटन कर आणि पेन्सिलीनं मळाचा नकाशा काढ. हे यान कुठे उभं असतं? चित्रपटातल्या यावीन ग्रहाच्या चौथ्या चंद्रावर, दमट जंगलात. पडद्यावर दिसणारी ती बाहेरची दृश्यं ग्वाटेमालातल्या टिकालला घेतलेली आहेत. म्हणजे पाऊस आहे, ओल आहे. अवकाशात वारा नाही, पाऊस नाही, तेव्हा तिथे ओघळ येणार नाहीत. ओघळ येतील ते उभं असताना, आणि तेही धडाच्या उभ्या बाजूंवर, वरून खाली. पंख आडवे, त्यांच्यावर ओघळ नाहीत, पाणी साचून वाळल्याचे धुरकट गोल आहेत. इंजिनांच्या मागच्या नळकांड्यांच्या ओठांना उष्णतेचा काळपटपणा. तोफांच्या टोकांना काजळी, तीही पुढची पाव इंचच. वैमानिक शिडीनं चढतो, म्हणून कॉकपिटच्या कडेला बुटांनी घासलेला रंग. शिडी कुठल्या बाजूला लावायची ते तू ठरव, पण मग घासलेला रंगही त्याच बाजूला. मागच्या खोबणीत बसणाऱ्या रोबोभोवती थोडं तेलकट. नाकाचं टोक आणि पंखांच्या पुढच्या कडा ठोकर खाणाऱ्या, तिथे पोचे. बाकी यान त्या मानानं स्वच्छ राहिलं पाहिजे. मळ उठून दिसायला आजूबाजूला स्वच्छ जागा लागते.

दिवाळीत किल्ला केला असशील तर ही सवय तुला आहेच. मावळा दरवाजापेक्षा उंच झाला की किल्ला लहान दिसतो, हे आपल्याला कुणी शिकवत नाही, डोळा सांगतो. इथेही तसंच, एक पोचा तांदळाच्या दाण्याएवढा काढलास की तो खऱ्या यानावर हातभर लांब होतो. सगळे पोचे टाचणीच्या टोकाएवढेच हवेत.

आता हाताचं काम. फ्रेमवरून भाग एका फटक्यात कापू नकोस. आधी लांबून काप, मग उरलेला खुंट निपरनं, म्हणजे बारीक कटरनं, जवळून काप आणि शेवटचा कण धारदार पातीनं तासून घे. एकदम जवळून कापलं की प्लास्टिक ताणलं जाऊन पांढरा डाग पडतो. वर ६०० आणि मग १००० नंबरचा पॉलिश पेपर, ओला करून. तोफांच्या नळ्यांवर साच्याची बारीक रेघ असते, ती पातीच्या पाठीनं खरवडून काढ. आपल्याकडे बरेच जण ही रेघ सोडून देतात. पण रंग चढल्यावर पहिल्यांदा तीच दिसते. नंतर सगळे भाग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणानं, जुन्या दात घासायच्या ब्रशनं धुऊन पंख्याखाली सुकव. साच्याचा तेलकटपणा आणि आपल्या बोटांचा घाम गेल्याशिवाय रंग नीट धरत नाही.

बांदाईचे किट गोंदाशिवाय दाबून बसतात. छान सोय आहे, पण रंगवायच्या आधी करून बघायला म्हणून पंख दाबून बसवलेस तर नंतर काढताना पिना तुटतील. बसवून बघायचंच असेल तर पिनांची टोकं आधी तिरकी छाटून घे, मग त्या सैल बसतात आणि निघतात. अंतिम जोडणीला पातळ सिमेंटचा, म्हणजे प्लास्टिक जोडायच्या गोंदाचा, एक थेंब पुरे.

पिनांवरून एक गोष्ट सांगतो, कारण या जातीच्या किटमध्ये सगळ्यात जास्त नुकसान त्यानं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी मी दुसऱ्याच एका दाबून बसणाऱ्या किटवर इनॅमलचा पातळ वॉश सोडला. पंख बसवलेले होते, खाली रंगाचा थर नव्हता, आणि मी भरपूर सोडला. रात्री जेवून परत टेबलाशी आलो तर 'टिक्' असा आवाज झाला. दिवा जवळ आणून पाहिलं. पंखाच्या मुळाशी, बरोबर पिनेच्या भोवती, केसाएवढी पांढरी रेघ होती. मी बघत असतानाच ती रेघ तीन-चार मिलिमीटर पुढे सरकली आणि पंखाचा तुकडा माझ्या बोटावर सुटून आला. दाबून बसवलेली पिन भोवतालच्या प्लास्टिकला सतत ताण देत असते. थिनर त्या ताणलेल्या जागेत शिरला की प्लास्टिक तडकतं. तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. वॉश करायचा तो भाग दाबून बसवण्याआधी, आणि त्याच्या खाली चकचकीत व्हार्निशचा पूर्ण वाळलेला थर असल्यावरच. तूही हे मोडू नकोस.

प्रायमर लागतोच. प्लास्टिक रंग शोषत नाही, त्याला धरायला काहीतरी लागतं, आणि मघाशी म्हटलं तो आरपार जाणारा उजेडही प्रायमरच अडवतो. म्हणून करडा प्रायमर घे, पांढरा नको. तामियाचा किंवा मिस्टर सर्फेसरचा फवारायचा डबा उत्तम, पण या पावसात थांब. डब्यातलं द्रावक झपाट्यानं उडतं, उडताना पृष्ठभाग थंड करतं आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर बसते. मग पांढरी धुरकट साय येते. फवारायचंच असेल तर कोरडं ऊन पडलेली दुपार गाठ. डबा पाच मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेव, गरम पाण्यात नाही आणि गॅसजवळ तर मुळीच नाही. वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून हलके फटके मार. बाल्कनीत उभा राहा आणि वाफेसाठीचा फिल्टर असलेला मास्क लाव, कापडी मास्कचा उपयोग नाही. ऊन पडलंच नाही तर व्हायेहोचा ब्रशनं लावायचा प्रायमर आण. दोन पातळ थर दे आणि पुरा एक दिवस हात लावू नकोस. तो पॉलिश पेपरनं घासायला जाऊ नकोस, पापुद्रे निघतात.

तुझे कॅम्लिनचे विद्यार्थ्यांचे ॲक्रिलिक रंग मूळ थरासाठी वापरू नकोस. कागदावर आणि कॅनव्हासवर ते छान आहेत, पण प्लास्टिकवर ब्रशच्या शिरा उठतात आणि नखानं सोलले जातात. मॉडेलच्या रंगांच्या पाच-सहा बाटल्या घे, तेवढ्यात हे यान पुरं होतं. ब्रशसाठी व्हायेहोचे मॉडेल कलर मला सगळ्यात सोयीचे वाटतात. तामियाचे ॲक्रिलिक एअरब्रशला सुरेख, ब्रशनं दुसरा थर देताना खालचा थर उचलतात.

एक्स-विंग पांढरं नाही, हे डोक्यात पक्कं धर. शुभ्र पांढरं दिलंस की ते फ्रिजसारखं दिसतं. आपल्याला हवा आहे धुऊन धुऊन मऊ पडलेल्या धोतराचा पांढरा. व्हायेहोचा ऑफव्हाइट, ७०.८२०, त्याचे दहा थेंब. त्यात बफ, म्हणजे फिकट पिवळसर तपकिरी, ७०.९७६, याचा एक थेंब, आणि सुईच्या टोकावर येईल एवढा करडा. हे मिश्रण एकदाच भरपूर कर आणि झाकणाच्या छोट्या बाटलीत ठेव. पुढे दुरुस्त्या करायला तेच लागतं आणि पुन्हा तसंच जमत नाही.

ओला पॅलेट घरीच होतो. डब्याच्या सपाट झाकणात टिश्यू पेपरच्या चार घड्या भिजवून ठेव, वर बटर पेपर. रंग त्यावर काढला की तासभर वाळत नाही. तो पाण्यानं इतका पातळ कर की पॅलेटवर ब्रश ओढल्यावर खालचा कागद थोडा दिसेल. पहिला थर लावल्यावर मन खट्टू होतं, डागाळलेलं, पट्टेपट्टे दिसतं. तसंच सोड. अर्धवट वाळलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवणं हीच ब्रशच्या शिरांची खरी आई आहे. पावसाळ्यात दोन थरांमध्ये तासभर तरी जाऊ दे. चौथ्या थराला सगळं एकजीव होतं, कधी पाचव्याला. सपाट सहा मिलिमीटरचा सिंथेटिक ब्रश मोठ्या जागांना, दोन नंबरचा गोल ब्रश बाकीला.

मग येतो मला सगळ्यात आवडणारा भाग, पत्रे. मूळ मिश्रणाचे तीन लहान ढीग कर. एकात बफचा आणखी एक थेंब, दुसऱ्यात करड्याचा, तिसऱ्यात कणभर पिवळा. आता पंखांवरचे आणि धडावरचे काही चौकोन या रंगांनी भर. किती? दर पंखावर दोन किंवा तीन, धडावर पाच-सहा. फरक इतका थोडा हवा की हातभर अंतरावरून नेमकं काय वेगळं आहे ते सांगता येऊ नये, पण डोळा थबकावा. एखादाच पत्रा ठळक वेगळा कर, दुसऱ्या यानावरून काढून बसवल्यासारखा. ब्रशवाल्याला इथे खरा फायदा आहे. एअरब्रशनं हेच करायला प्रत्येक चौकोन टेपनं झाकावा लागतो, तू मात्र रेषेच्या आत सरळ रंगव.

लाल पट्ट्यांसाठी किटमध्ये स्टिकरही आहेत आणि पाण्यात भिजवून लावायचे डिकलही. स्टिकर डब्यातच राहू देत, त्यांची कड जाड असते. मोठे पट्टे रंगानंच कर, बारीक खुणांना डिकल वापर. लाल म्हणजे झेंड्यातला लाल नव्हे, उन्हानं उडालेला विटकरी. फ्लॅट रेडमध्ये कॅव्हलरी ब्राऊन जवळजवळ निम्मा घातलास की तो रंग येतो. मूळ रंग रात्रभर वाळू दे, मग टेप. रंगाच्या दुकानातला खाकी टेप फार चिकट असतो, थर उचलतो. मॉडेलचा सहा मिलिमीटरचा टेप घे आणि लावण्याआधी एकदा तळहातावर चिकटवून काढ, म्हणजे जोर कमी होतो. कड टूथपिकच्या बाजूनं दाबून बसव.

आता जी युक्ती मला कुणी दहा वर्षं आधी सांगायला हवी होती ती सांगतो. टेप लावल्यावर त्याच्या कडेवर आधी लाल लावू नकोस. आधी मूळ पांढऱ्याचाच एक पातळ थर त्या कडेवरून ओढ. टेपखाली जी काही फट असेल तिच्यात तो पांढरा शिरतो आणि ती बुजवून टाकतो. तो वाळला की लाल. लालला शिरायला जागाच उरत नाही. टेप काढताना वर खेचू नकोस, स्वतःवरच दुमडून पृष्ठभागालगत हळूहळू मागे ने. पट्ट्याची कड कापल्यासारखी निघते. हे पहिल्यांदा जमलं त्या रात्री मी तो पंख दिव्याखाली किती वेळ फिरवून बघत होतो.

लाल तीन थरांत येतो. शेवटच्या थरानंतर त्याच लालमध्ये थोडा बफ मिसळून पट्ट्याच्या मध्यभागी ठिपके ठिपके उमटव, उडालेला रंग वाटतो.

नंतर सगळ्या भागांना चकचकीत व्हार्निशचा पातळ थर. डिकल खडबडीत पृष्ठभागावर लावलं तर खाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतो. कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद, मग बाहेर काढून अर्धा मिनिट थांब, कागदावरून सरकायला लागलं की लाव. कापसाच्या काडीनं मधून बाहेर पाणी काढ. वर डिकल मऊ करणारं द्रव लावलंस तर ते थोडा वेळ सुरकुततं. घाबरून बोट लावू नकोस, वाळताना ते स्वतःहून सरळ होतं आणि पत्र्याच्या रेषेत बसतं. डिकलवर पुन्हा एक चकचकीत थर दे.

वॉशला मात्र तुझं कॅम्लिन उपयोगी पडेल, ॲक्रिलिक नव्हे, ऑइल कलर. बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, आणि काळा, एवढ्या दोन ट्यूब. दोन्ही आधी पुठ्ठ्यावर अर्धा तास काढून ठेव. पुठ्ठा त्यातलं जवसाचं तेल पितो, मग रंग लवकर वाळतो आणि चमकत नाही. बिनवासाच्या थिनरमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ कर. अंबर जास्त, काळा थोडा. पांढऱ्या यानावर नुसता काळा वॉश दिलास की रेषा शाईनं आखल्यासारख्या दिसतात. शून्य नंबरच्या ब्रशचं टोक रेषेला फक्त टेकव, रंग आपोआप रेषेतून धावत जातो. सगळ्या रेषा सारख्या गडद करू नकोस. उघडणाऱ्या झडपा, इंजिनाचे जोड गडद, बाकीच्या फिकट. वीसेक मिनिटांनी थिनरनं जेमतेम ओलसर केलेल्या ब्रशनं जादा रंग पूस. धडाच्या बाजूंवर पुसताना वरून खाली ओढ, तुझे पावसाचे ओघळ तिथेच होतील. नकाशा समोर ठेव.

पोच्यांना पॅकिंगमधल्या फोमचा वाटाण्याएवढा तुकडा चिमट्यात धर, गडद करडा-तपकिरी रंग लाव, मग तो कागदावर टिपत राहा, उमटेनासा होईपर्यंत. त्यानंतर जे उमटतं ते यानावर. नाक, पंखांच्या पुढच्या कडा, शिडीची जागा. यानावर कुठेही निव्वळ काळा वापरू नकोस. एवढ्या लहान आकारात काळा भोक पडल्यासारखा दिसतो. तोफांच्या टोकांनाही गडद करडाच.

वैमानिक बसलेला असताना पावणेदोन सेंटिमीटरच्या आत-बाहेर भरतो आणि त्याचं शिरस्त्राण चार मिलिमीटरचं आहे. आधी सगळा गडद तपकिरी कर. वाळल्यावर केशरी रंग फक्त उंचवट्यांवर लाव, घड्यांमध्ये तपकिरी राहू दे, सावली आपोआप मिळते. शिरस्त्राणावरच्या लाल खुणा टूथपिकच्या टोकानं. हात थरथरत असेल तर दोन्ही मनगटं टेबलावर टेक आणि करंगळ्या एकमेकींना लाव. पेणला गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारे कारागीर बघितलेस तर त्यांचाही हात कशाला तरी टेकलेला असतो आणि रेघ संपेपर्यंत श्वास थांबलेला असतो. रोबोचं डोकं तेवढंच वर दिसतं. त्याच्या निळ्या चौकोनांत घाई करू नकोस, यानाकडे बघणारा माणूस सगळ्यात आधी तिथेच बघतो.

ऑइल कलरला या दमट हवेत तीन दिवस दे. बोटाला वास किंवा चिकटपणा लागला तर आणखी थांब. मग पंख दाबून बसव आणि ब्रशनं लावायचं मॅट व्हार्निश सगळीकडे दे. बाटली दोन मिनिटं मनापासून हलव, नाहीतर खाली बसलेली पूड नीट मिसळत नाही आणि पांढरट डाग पडतात. खळग्यांत साचू देऊ नकोस. मॅट झाल्याबरोबर यान मोठं दिसायला लागेल, हा बदल डोळ्यादेखत होतो. मागच्या नळकांड्यांच्या आत आणि रोबोच्या डोळ्यावर नंतर चकचकीत व्हार्निशचा एक ठिपका दे. तेवढ्याच जागा चमकल्या पाहिजेत.

कॉकपिटची काच सगळ्यात शेवटी. तिची चौकट आधी गडद करड्यानं आणि वर पांढऱ्यानं रंगव, म्हणजे आतून बघितलं तर करडी दिसेल. काचेला सुपरग्लू लावायचा नाही. त्याची वाफ काचेवर बसून ती कायमची धुरकट होते. फेविकॉल घे, टूथपिकच्या टोकानं चार कोपऱ्यांना चार ठिपके. वाळल्यावर पारदर्शक होतो आणि जास्त झाला तर ओल्या काडीनं पुसता येतो. बसवण्याआधी मऊ ब्रशनं आतली धूळ काढ आणि वैमानिकाच्या मांडीवर एखादा केस पडला नाही ना ते दिवा तिरका धरून बघ. मग बसव आणि सकाळपर्यंत हात लावू नकोस.